खरेदीभावाची वाट आणि भरलेले हप्ते

नाशिकच्या 41 वर्षांच्या वाचकाने विचारले आहे : 620 रुपयांनी घेतलेले 500 शेअर आज 240 वर आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी सुमारे 1 लाख 20 हजार हवेत. खरेदीभाव येईपर्यंत शेअर ठेवून नफ्यातला म्युच्युअल फंड मोडावा का?

शेअर विकावेत, फंड राहू द्यावा. 240 चे 620 होण्यासाठी भाव अडीचपटीहून अधिक वाढायला हवा. दरसाल 12 टक्के वाढ गृहीत धरली तरी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. नफा चटकन पदरात पाडून तोटा उराशी धरण्याची ही खोड अर्थ-अभ्यासक हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये मांडली, ती मानसशास्त्रज्ञ कानेमन व ट्वर्स्की यांच्या, नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा अधिक बोचतो असे सांगणाऱ्या 1979 च्या सिद्धान्ताच्या आधारे. पुढे 1998 मध्ये टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका ब्रोकरकडची 10,000 खाती तपासली, तेव्हा विकून टाकलेल्या नफ्यातील शेअरांनी पुढच्या वर्षभरात, राखून ठेवलेल्या तोट्यातील शेअरांपेक्षा सरासरी 3.4 टक्के अधिक परतावा दिल्याचे दिसले. ते खातेदार तोट्यातील शेअर अधिक विकत ते डिसेंबरात, कर वाचवण्यासाठी. आपल्याकडेही हा भांडवली तोटा नियमांनुसार पुढील नफ्यातून वजा करता येतो.

खरी चिंता मात्र आपण पत्राच्या शेवटी सहज उल्लेखिलेल्या गोष्टीची आहे. साडेआठ टक्क्यांचे 40 लाखांचे गृहकर्ज डोक्यावर असताना आपला विमा अवघा 20 लाखांचा, आणि तोही वर्षाला एक लाख घेणाऱ्या 20 वर्षांच्या एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीतून! ‘तीन हप्ते भरले, आता कशी सोडू?’ असे आपण लिहिता; बुडालेल्या खर्चामागे धावण्याच्या याच वृत्तीवर अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये बोट ठेवले होते. एजंटने कागदावर लिहून दिलेले 34 लाख बोनसच्या आशेवर उभे आहेत. ते खरे धरले, तरी पॉलिसी आज पेड-अप केल्यास (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवल्यास) मुदतीअखेर पाचेक लाख मिळतील, म्हणजे उरलेल्या 17 हप्त्यांची कमाई 29 लाख, अर्थात दरसाल सुमारे पावणेसहा टक्के. तेच पैसे दरवर्षी कर्जात भरल्यास साडेआठ टक्के व्याज वाचून लाभ 38 लाखांच्या घरात जातो.

आधी एक कोटीचा मुदत विमा (बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा) घ्यावा. या वयात, प्रकृती ठीक असल्यास, त्याचा हप्ता साधारण वीस हजारांच्या आसपास असतो. अर्जात आजार आणि जुनी पॉलिसी लपवू नये. नवी पॉलिसी हाती आल्यावरच जुनी पेड-अप करावी, आधी नव्हे.