भट्टी एकच: मॉरिशसच्या भूगोलाविषयी वाचकांचे प्रश्न

मॉरिशसला गेले होते. किनाऱ्यावरचा काळा दगड थेट आपल्या घाटातल्या कातळासारखा वाटला. हा योगायोग का? (शिक्षिका, सातारा)

योगायोग नाही. दोन्हीकडे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक आहे आणि बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते दोघांची भट्टीही एकच. पृथ्वीच्या पोटात खोलवर काही ठिकाणी उष्णतेचा स्रोत कोट्यवधी वर्षं जवळपास एकाच जागी टिकून राहतो. त्याला तप्तबिंदू म्हणतात. वरचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, मात्र सरकत असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच एका तप्तबिंदूवर भारत होता, विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला. तेव्हा भेगांमधून लाव्हाचे थरांवर थर ओतले गेले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. भारत उत्तरेकडे सरकत गेला, तशी मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांची प्रवाळबेटं त्या रांगेच्या माथ्यावर वाढली आहेत. पुढे दोन भूपट्टांमधली सीमाच या तप्तबिंदूवरून सरकली आणि तो आफ्रिकेच्या पट्टाखाली आला. त्यानंतर सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. १९८७ साली समुद्रतळात छिद्रं पाडून या रांगेतले खडक वर काढले, तेव्हा त्यांची वयं उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने कमी होत गेलेली आढळली. शाळेत भूपट्ट शिकवताना याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. मुलांना भिंतीवरचा नकाशा द्या आणि मुंबईपासून रियुनियनपर्यंत बोट फिरवायला सांगा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडचा लाव्हा भेगांमधून लांबवर पसरला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे. मॉरिशस म्हणजे पालथ्या ढालीसारखा एक प्रचंड ज्वालामुखी होता. ल पूस (८१२ मीटर), माथ्यावर भलामोठा धोंडा पेलणारा पीटर बोथ (८२० मीटर) हे तिथले सुळके त्या जुन्या ढालीच्या झिजून उरलेल्या कडा आहेत. मधलं पठार नंतरच्या उद्रेकांनी भरलं.

मग तिथे पुन्हा उद्रेक होईल का? मुलगी नोकरीसाठी तिकडे गेली आहे. (पुणे)

निश्चिंत राहा. बेट भट्टीवरून केव्हाच पुढे सरकलं आहे. शेवटचे उद्रेक होऊन हजारो वर्षं लोटली. क्युरपीप शहरातलं ‘त्रू ओ सेर्फ’ हे सुमारे ८० मीटर खोल विवर आता झाडांनी भरलं आहे. गंगा तलाव हाही विवरातच साठलेला जलाशय. धगधगतो तो रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ, जगातल्या सर्वांत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक. तो मॉरिशसपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे.

पाण्याखालच्या धबधब्याचा फोटो खरा आहे का? (कोल्हापूर)

फोटो खरा, धबधबा नाही. नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न डोंगर आहे. त्याच्यासमोर बेटाचा उथळ कट्टा संपतो आणि तळ एकदम खोल उतरत जातो. प्रवाहाबरोबर पांढरी वाळू आणि गाळ त्या कड्यावरून घरंगळतो. उथळ पाणी हिरवट, खोल पाणी गडद निळं आणि मधे वाळूचे पट्टे, त्यामुळे विमानातून पाणी कोसळत असल्याचा भास होतो. किनाऱ्यावर उभं राहून हे दिसत नाही.

आमचे नातेवाईक कास्कावेलला राहतात. तिथे गणपतीत पाऊस नसतो म्हणतात. बेट तर हिरवंगार आहे! (रत्नागिरी)

दोन कारणं आहेत. एक, बेट दक्षिण गोलार्धात आहे. भाद्रपदात तिथे कोरडा हिवाळा असतो, मोठा पाऊस आणि चक्रीवादळं साधारण डिसेंबर ते एप्रिलमध्ये येतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून कोकण भिजतं आणि घाटापलीकडे माण-खटाव कोरडं राहतं. मॉरिशसमध्ये वारे आग्नेयेकडून येतात. मधलं पठार त्यांना अडवतं. तिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. कास्कावेल पश्चिमेला आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात तिथे मजूर म्हणून गेलेल्या कोकणातल्या माणसांच्या वाट्याला समुद्रकाठीच पर्जन्यछाया आली. मुसळधार पावसाची सवय असलेल्या त्या पहिल्या पिढीला उसाच्या मळ्यांतलं ते कोरडं ऊन कसं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मॉरिशसखाली बुडालेला खंड सापडला, असा संदेश फिरतो आहे. (नाशिक)

त्यात तथ्य आहे, पण शहरं-देवळं बुडाल्याची जोड खोटी आहे. २०१३ मध्ये तिथल्या वाळूत आणि २०१७ मध्ये थेट खडकात झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे सूक्ष्म कण मिळाले. खडकातल्या काही कणांचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं निघालं. ९० लाख वर्षांच्या बेटात इतके जुने कण आले कुठून? मादागास्कर आणि भारत वेगळे होताना प्राचीन खंडाचा एक तुकडा मधे राहिला, पुढे तो लाव्हाखाली गाडला गेला आणि वर येणाऱ्या शिलारसाने त्याचे कण सोबत आणले, असं संशोधक मानतात. त्यांनी या तुकड्याला ‘मॉरिशिया’ म्हटलं आहे. तो तुटला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, डायनोसॉर होते.