लीड्सला येताय, लेकीला घरी शिकवायचंय: पुस्तकांआधी माणसं शोधा

नमस्कार. तुम्ही लिहिलंत की मिस्टरांना लीड्समध्ये नोकरी मिळाली आहे, ऑक्टोबरमध्ये निघायचं आहे, मुलगी येत्या मार्चमध्ये पाच वर्षांची होईल आणि तिला लगेच शाळेत न घालता घरीच शिकवावं असं तुमच्या मनात आहे. हे कायद्यात बसतं का, सुरुवात कशी करायची, तिथे आपल्याला आहे कोण आणि सामानात काय आणू, असे चार प्रश्न विचारलेत. मी लीड्समध्येच राहते. माझ्या मुलाला साडेचार वर्षांचा असल्यापासून नऊ वर्षांचा होईपर्यंत मी घरी शिकवलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिसऱ्या प्रश्नावर जास्त लिहीन, कारण माझं पहिलं वर्ष अडलं ते तिथेच.

आधी कायदा. इंग्लंडमध्ये घरी शिकवणं पूर्णपणे कायदेशीर आहे. १९९६च्या शिक्षण कायद्याचं ७वं कलम सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि गरजांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण देणं ही पालकांची जबाबदारी आहे, मग ते शाळेतून द्या किंवा ‘अन्यथा’. त्या ‘अन्यथा’ शब्दावर इथलं सगळं गृहशिक्षण उभं आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळायची सक्ती नाही, वेळापत्रकाची नाही, परीक्षांची नाही, आणि आईवडील शिक्षक असायला हवेत अशी अटही नाही. तुमच्या डिपेंडंट व्हिसालाही मुलीचं नाव शाळेत असण्याची अट नाही. मात्र हे मी इंग्लंडचं सांगते आहे. स्कॉटलंडचे नियम थोडे वेगळे आहेत. आणि उद्या बदली जर्मनीत झाली तर तिथे घरी शिकवायला जवळपास बंदीच आहे, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे. इथली मुलं चार वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात रिसेप्शन वर्गात जातात, त्यामुळे शाळा चौथ्या वर्षीच सक्तीची आहे असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. सक्तीचं वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू होतं. त्यासाठी ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च अशा तीन तारखा ठरलेल्या आहेत. तुमची लेक मार्चमध्ये पाचची होणार, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या सत्रापर्यंत तुमच्यावर कायद्याने काहीच बंधन नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हे सहा महिने तुमचे आहेत. ते घाबरून वाया घालवू नका.

मधल्या काळात ‘बघूया तरी’ म्हणून तिला शाळेत घातलंत आणि नाही जमलं, तर नुसतं पाठवणं बंद करू नका. सक्तीचं वय सुरू झाल्यावर, नाव पटावर असताना मूल विनापरवानगी घरी राहिलं तर पालकांना दंड होऊ शकतो. तो २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. आधी मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं की आम्ही अमुक तारखेपासून घरी शिकवणार आहोत, नाव कमी करा. साध्या शाळेला त्यासाठी परवानगी नाकारता येत नाही. ती कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला कळवते आणि विषय संपतो. पत्राची प्रत मात्र जपून ठेवा.

जे मूल शाळेत कधी गेलंच नाही, त्याच्या आईवडिलांनी कौन्सिलला आपणहून कळवावं अशी सक्ती आजवर नव्हती. पण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या मुलांच्या कल्याणाच्या आणि शाळांच्या विधेयकात शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. म्हणून विमानात बसण्यापूर्वी गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर ‘इलेक्टिव्ह होम एज्युकेशन’ असं शोधा आणि ताजा नियम स्वतः वाचा. इथे ‘होमस्कूलिंग’पेक्षा ‘होम एज्युकेशन’ हाच शब्द चालतो, त्यामुळे माणसं शोधतानाही तोच वापरा.

आता सुरुवात. मी आले तेव्हा बॅगेत चार इंग्रजी वर्कबुकं होती आणि भिंतीवर लावायला वेळापत्रक तयार होतं. नऊ ते दहा इंग्रजी, दहा ते अकरा गणित. दोन आठवड्यांत पोरगं टेबल दिसलं की रडायला लागलं. मूल नुकतंच आजीआजोबांना, अंगणाला, रोजच्या सगळ्या आवाजांना सोडून आलेलं असतं. त्याला आधी नवं घर ओळखीचं व्हावं लागतं. पहिले सहा-आठ आठवडे काहीही ‘शिकवू’ नका. बसने फिरा, दुकानात तिच्या हातात नाणी द्या, पानगळ बघा, रोज रात्री मराठी गोष्ट वाचा. कायद्यात ‘पूर्णवेळ’ शब्द आहे, पण त्याचे तास कुठेही ठरवलेले नाहीत. शाळेतल्या तीस मुलांच्या वर्गात बाईंचा जितका वेळ एका मुलाच्या वाट्याला येतो, त्याहून कितीतरी जास्त तुमच्या लेकीला तुमच्या मांडीवर मिळतो. पाच वर्षांच्या मुलाला टेबलापाशी तासभर पुष्कळ झाला, तोही दोन-तीन तुकड्यांत.

वाचनाबद्दल मात्र थोडं खोलात जाते, कारण आपल्या मुलांची अडचण इथल्या पुस्तकांत लिहिलेली नसते. आपण ए, बी, सी ही अक्षरांची नावं शिकवतो, आणि तीही बहुतेक मोठ्या लिपीत. इथे आधी ध्वनी येतात आणि अक्षरं छोट्या लिपीतली. याला फोनिक्स म्हणतात. माझ्या मुलासमोर ‘बॅट’ शब्द आला की तो ‘बी-ए-टी’ म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याला वाटायचं, वाचून झालं. मग मी अक्षरांची नावं दोन महिने बाजूला ठेवली. ब्, ॲ, ट् असे आवाज सुटे म्हणायचे आणि हळूहळू जवळ आणायचे. बाराखडी येत असेल तर हे मुलाला चटकन कळतं, कारण ब ला काना दिला की बा होतो हे जोडणं त्याच्या ओळखीचं असतं.

दुसरी अडचण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची. आपल्या कानाला दोन्ही ‘व’च. मी मुलाला न्हाणीघरातल्या आरशासमोर स्टुलावर उभं करायचे. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, ‘वेट’ म्हणताना ओठांचा चंबू झाला पाहिजे. आरशावर वाफ धरायची, तो बोटाने तिथेच अक्षर काढायचा. आठवडाभर रोज पाच मिनिटं, आणि जमलं. आकड्यांचंही तसंच. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून तो ७२ लिहायचा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी आणि ‘ट्वेंटी-नाइन’ म्हणजे वीस आणि नऊ. मूल दोन वेगळ्या रस्त्यांनी त्याच आकड्याकडे जात असतं, गोंधळणारच. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून दोन्ही भाषांत मोजलंत की गुंता सुटतो. कृपा करून या कारणासाठी घरातलं मराठी कमी करू नका. इंग्रजी तिला रस्त्यावर, बागेत, बसमध्ये मिळणारच आहे. मराठी मात्र फक्त तुमच्याकडून मिळेल.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. इथे डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो. नवरा सकाळी अंधारात जातो आणि अंधारात परत येतो. त्या पहिल्या हिवाळ्यात असे दिवस गेले की दिवसभरात नवऱ्याशिवाय दुसऱ्या मोठ्या माणसाशी मी एक वाक्यही बोलले नव्हते. मुलावर ओरडायचे आणि मग त्याला जवळ घेऊन रडायचे. चूक अभ्यासक्रमात आहे असं समजून मी आणखी पुस्तकं मागवत राहिले. हवी होती माणसं. म्हणून मी तळमळीने सांगते, घर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माणसं शोधायला बाहेर पडा.

पहिली पायरी वाचनालय. मुलांचं कार्ड फुकट असतं, आणि लहानग्यांसाठी गोष्टी-गाण्यांची सत्रं असतात. माझ्या मुलाने आपल्या नावाच्या कार्डावर पहिलं पुस्तक घेतलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ते त्याच्याच हातात दिलं, माझ्या नाही. बाहेर पाऊस होता. त्याने पुस्तक जॅकेटच्या आत धरलं आणि घरापर्यंत चेन उघडू दिली नाही. त्याच बाईंनी मला सांगितलं की दर बुधवारी काही घरी शिकणारी मुलं बागेत भेटतात.

त्या भेटीला मी गेले आणि अर्धा तास एका बाजूला उभी राहिले. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. घरी येऊन ठरवलं, परत जायचं नाही. पण मुलाने विचारलं, ‘तो लाल बुटांचा मुलगा बुधवारी परत येणार का?’ म्हणून गेले. तिसऱ्या खेपेला एका आईने थर्मासमधला चहा पुढे केला, आणि आजही ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. तुम्हालाही पहिल्या भेटीत परकं वाटेल. चार वेळा जायचंच असं आधीच ठरवून जा. इथली माणसं सावकाश उघडतात, पण एकदा जोडली गेली की धरून ठेवतात.

हे गट बहुतेक फेसबुकवर बंद स्वरूपात असतात. आपल्या भागाचं नाव आणि ‘होम एज्युकेशन’ असं शोधून विनंती पाठवायची, मुलीचं वय आणि दोन ओळी लिहायच्या. विनंती इथे यायच्या आधीच पाठवून ठेवा, म्हणजे आल्या आठवड्यात भेटीचं ठिकाण हातात असेल. देशपातळीवर ‘एज्युकेशन अदरवाइज’ ही संस्था १९७७ पासून आहे. कायद्यातल्या त्या ‘अन्यथा’वरूनच तिचं नाव पडलं. नियमांबद्दल शंका आली की त्यांची माहिती उपयोगी पडते. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल आणि आईला एकटेपणा झेपेनासा झाला तर ‘होम-स्टार्ट’चे स्वयंसेवक घरी येऊन सोबत करतात. तशी वेळ आली तर मागायला लाजू नका. मी लाजले, त्याचा आजही पश्चात्ताप होतो.

इतर मुलं भेटावीत म्हणून स्काउट्सचा चार ते सहा वयाचा ‘स्क्विरल्स’ गट आणि मुलींसाठी गर्लगाइडिंगचा ‘रेनबोज’ गट आहे. तिथे शाळेत जाणारी मुलं भेटतात, तेही हवं. जागेसाठी प्रतीक्षायादी असते, नाव लगेच घाला. फिरायला लीड्स सिटी म्युझियम आणि रॉयल आर्मरीज, यॉर्कचं रेल्वे म्युझियम, सगळीकडे प्रवेश मोफत. शाळेच्या वेळात गेलात तर गर्दीही नसते. मराठी माणसं गणपतीत आणि दिवाळीत भेटतीलच, पण एक सांगून ठेवते. आपल्या ओळखीत ‘शाळेत का नाही घातलं?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येईल, आणि दर शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाईंकडूनही. वाद घालू नका. लेकीला आजीला एक गोष्ट वाचून दाखवू द्या.

कौन्सिलकडून कधीतरी पत्र येईल, शिक्षण कसं चाललंय म्हणून. माझे हातपाय गार पडले होते. पण ती चौकशी असते, आरोप नाही. घरात येऊ देणं बंधनकारक नाही, मात्र उत्तरच न देणं चुकीचं. समाधान झालं नाही तर त्यांना शाळेत घालण्याचा आदेश काढता येतो. मी दोन पानांचा अहवाल पाठवला: काय वाचलं, गणितात कुठवर आलो, कुठे गेलो, कोणाला भेटतो, पुढे काय करणार. त्यासाठी रोज रात्री वहीत तीन ओळी लिहायची सवय लावा. परत भारतात जायचं ठरलं तरी ती वही आणि कामाचे नमुने शाळेला दाखवता येतात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहेच.

पैशाचं थोडक्यात: सरकारकडून या शिक्षणासाठी काहीही मिळत नाही, आणि पुढे जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला बसवलंत तर फी आपलीच. खरा खर्च म्हणजे तुमचा पगार. तुम्हाला काम करायची परवानगी असेल, तर घरी राहण्याचा निर्णय दोघांनी मिळून आणि एका वर्षापुरताच घ्या. दरवर्षी परत बसून ठरवा. शाळेची जागा वर्षाच्या मध्येही मागता येते, दार बंद होत नाही. आम्ही नवव्या वर्षी मुलाला शाळेत घातलं, कारण त्याला रोजचे मित्र हवे होते. तो आनंदाने गेला.

सामानात इंग्रजी पुस्तकं आणू नका, इथलं वाचनालय भरलेलं आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ साइटवरही मराठी गोष्टी आहेत. हे सगळं इथे येऊन उतरवता येईल. बॅगेत जागा ठेवा ती अंकलिपीसाठी, मोठ्या अक्षरांच्या चार-पाच गोष्टींच्या पुस्तकांसाठी आणि पाटीसाठी. पेन्सिलींचे दोन खोके घ्या, त्या प्रवासात मोडतात. आणि मुलीच्या मापाचे पावसाळी बूट मात्र इथे आल्यावरच घ्या, पहिल्या बुधवारच्या आधी.