सॉल्ट लेकहून परतलेल्या पोरास

रविवार, 21 एप्रिल 2024

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. आपल्या मुंबई सिटीच्या फॅन्सचा ग्रुप सोडतोयस, पुढच्या सीझनची तिकिटं काढणार नाहीस आणि अवे मॅचला तर यापुढे पाऊलही टाकणार नाहीस. मोबाइलवर दोन ओळींत उत्तर द्यायचा हा विषय नव्हता. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

तुला एवढं लागलं यात मला काहीच वावगं वाटत नाही. ऑक्टोबरात रियाधला सौदीच्या अल हिलालने आपल्याला सहा गोल चढवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपण सगळे नीट जेवलो-झोपलो, कामाला गेलो. समोर कोण आहे ते ठाऊक होतं. सोमवारची, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरची, गोष्ट वेगळी होती. 21 मॅचनंतर आपले 47 पॉइंट, मोहन बागानचे 45. नुसता ड्रॉ केला असता तरी शिल्ड, म्हणजे लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची ट्रॉफी, आपली होती. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तोवर त्यांना आपल्याला एकदाही हरवता आलं नव्हतं. डिसेंबरात अंधेरीला त्या सात रेड कार्डांच्या मॅचमध्येही आपणच 2-1 जिंकलो होतो. आणि नेमक्या शेवटच्या दिवशी, 60 हजारांहून जास्त लोकांसमोर, तोच 2-1 उलटा पडला. बागान 48, आपण 47. एका पॉइंटने गेलेली शिल्ड महिनाभर तरी डोक्यातून जात नाही, तुझ्याही जाणार नाही. ती घालवायची घाईही करू नकोस.

मला बोलायचंय ते त्यानंतर ग्रुपवर जे चाललंय त्याबद्दल. सोमवार रात्रीपासूनचे सगळे मेसेज मी वाचले आहेत. निम्मे लोक म्हणतात, 80व्या मिनिटाचा बागानच्या कमिंग्सचा तो गोल खाल्ला नसता तर आपल्या छांगतेच्या 89व्या मिनिटाच्या गोलने 1-1 झालं असतं आणि शिल्ड आली असती. तूही तेच लिहिलंयस, चार वेळा. हिशेब बरोबर आहे, पण मॅच अशी एक गोल वजा करून मोजता येत नाही रे. एका गोलच्या आघाडीवर असलेला बागान शेवटची दहा मिनिटं वेगळा खेळला असता. त्यांचा कोच आंतोनियो हाबास, त्याची टीम आघाडी कशी सांभाळते ते आपण वर्षानुवर्षं बघतोय.

मला त्या गोलपेक्षा त्याआधीची 52 मिनिटं जास्त बोचतात. बागानच्या लिस्टन कोलासोने 28व्या मिनिटाला पहिला गोल मारला. तिथून 80व्या मिनिटापर्यंत आपल्याला फक्त एक गोल हवा होता, एकच. त्या 52 मिनिटांबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. म्हणून तुला एक काम सांगतो. राग थोडा निवला की तेवढा भाग पुन्हा लाव, कॉमेंटरीचा आवाज बंद करून. बॉलकडे बघू नकोस, बॉल तू तिथे बसून पाहिलायस. बॉल आपल्याकडे असताना आपले दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, कुठे उभे आहेत ते बघ. आपल्या मिडफिल्डमधल्या अपुइयाला बॉल मिळाल्यावर त्याच्यापुढे किती जण मोकळे आहेत ते मोज. बागानचे मधले दोघं पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागे जागा सुटते का आणि सुटली तर तिथे आपलं कोणी पोचतं का, ते बघ. ड्रॉ पुरणारी टीम नकळत मागे मागे सरकते आणि गोल खाल्ल्यावर तिला एकदम पुढे यायला जमत नाही. सोमवारी असंच झालं का, की दुसरंच काही, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय. तू मैदानात होतास. वरच्या स्टँडमधून सगळं मैदान एका नजरेत दिसतं, टीव्हीवर ते कधीच दिसत नाही. ग्रुपमधल्या दीडशे लोकांपैकी हातावर मोजण्याइतक्यांनीच ते पाहिलंय आणि नेमके तुम्हीच घरी बसून बघणाऱ्यांचीच वाक्यं परत लिहिताय, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आपला कोच क्रातकीला हाकला, हेही बरंच चाललंय. चाललंय तर चालू दे, कोचला शिव्या बसतात तशा त्यालाही बसतील. फक्त एवढं विसरू नकोस की आधीचे कोच बकिंगहॅम सीझन अर्ध्यात टाकून इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला गेले, आपला खेळाडू ग्रेग स्टुअर्टही मधेच गेला आणि डिसेंबरात आलेल्या या माणसाने टीम शेवटच्या दिवशी दोन पॉइंट पुढे ठेवून सॉल्ट लेकला नेली.

आणखी एक आठवण करून देतो. 28 फेब्रुवारी 2021, गोव्यातलं बांबोळी. कोविडमुळे स्टँड रिकामे. लीगची शेवटची मॅच, समोर हीच टीम. त्या दिवशी ड्रॉ त्यांना पुरणार होता, जिंकणं आपल्याला भाग होतं. फॉल आणि ओगबेचेने गोल केले, 2-0 झालं, दोघांचे 40-40 पॉइंट झाले आणि शिल्ड आपण उचलली. तू तेव्हा कॉलेजात होतास, रात्रभर नाचत होतास. त्या रात्री कोलकात्यात तुझ्याच वयाचा एखादा पोरगा आज तू जिथे आहेस तिथेच होता. या सोमवारी मॅच संपल्यावर बागानच्या काही पोरांनी तुमच्याशी हात मिळवला, चहा पाजला, असं तूच कळवलं होतंस. तो चहा त्यांनी उगाच नाही पाजला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मंगळवारी तू गीतांजलीत होतास, तेव्हा ग्रुपवर एकाने आपल्या एका खेळाडूच्या चेहऱ्यावरून आणि त्याच्या राज्यावरून घाणेरडं लिहिलं. ते इथे पुन्हा लिहिणार नाही. खाली सतरा जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. त्यात तुझा एक होता.

गाडीत कंटाळा आला असेल, न वाचता अंगठा पडला असेल, काहीही असेल. पण हे मी सोडून देणार नाही. भेके मुंबईचा आहे, म्हणून त्याचा पास चुकला की आपण फक्त पास चुकला असं म्हणतो. छांगते आणि अपुइया मिझोरमचे, लाचेन्पा सिक्कीमचा. 2021 च्या फायनलमध्ये 90व्या मिनिटाला गोल मारून आपल्याला आयएसएलची पहिली फायनल जिंकून देणारा बिपिन मणिपूरचा. ही पोरं घरापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर येऊन आपली जर्सी घालतात. जिंकलो की ‘आपला’ बिपिन आणि हरलो की ‘ते लोक’, हे माझ्यासमोर चालणार नाही. खेळावर बोल, हवं तेवढं कडक बोल. मार्किंग सुटलं, उशिरा धावला, डोकं फिरवून फाउल केला, सगळं बोल, नाव घेऊन बोल. त्यापलीकडे गेलास तर तू मॅचबद्दल बोलतच नाहीयेस.

ज्या शहरातून तू आत्ता आलास तिथे 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचमध्ये स्टँडमध्ये मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक गेले. मॅच बघायला गेलेली माणसं होती ती. त्यांच्या आठवणीत दर वर्षी त्या दिवशी तिथे रक्तदान होतं. स्टँडमधला राग कुठपर्यंत जाऊ शकतो हे त्या शहराने पाहिलंय. तू त्या ग्रुपमध्ये परत जा आणि तो इमोजी काढ. जमलं तर दोन ओळी लिही, त्या सतरांतले निदान पाच-सहा तुझं ऐकतात. ग्रुप सोडून गेलास तर तिथे ते लिहिणाराच उरेल.

पास न काढण्याबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. आमच्या पिढीने मुंबईत कूपरेज मैदानावर किती टीम पाहिल्या आणि त्यातल्या किती डोळ्यांदेखत बंद झाल्या! महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये नॅशनल लीग जिंकली आणि 2010 मध्ये क्लबच गुंडाळला. त्यानंतर कितीतरी शनिवार-रविवार आम्हाला हरायलाही टीम नव्हती. मुंबईची जुनी स्पर्धा रोव्हर्स कप, तीसुद्धा अशीच गेली. तुझ्या टीमने शेवटच्या दिवशी शिल्ड घालवली. पुढच्या वर्षी ती परत त्या शिल्डसाठी खेळणार आहे. मी तर पास काढणार.

बाकी, शिल्ड गेली तरी प्लेऑफ अजून बाकी आहेत. काल गोव्याने चेन्नईयिनला 2-1 हरवलं, म्हणजे आपली सेमीफायनल त्यांच्याशी, त्यांच्या फातोर्डा स्टेडियमवर, बुधवारी 24 ला. गोवा लीगमध्ये तिसरे होते, त्यांचा ब्रँडन भरात आहे आणि फातोर्ड्याचा आवाज तू अजून ऐकलेला नाहीस. सोपं नाही. आम्ही काही जण मंगळवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघतोय, सकाळी मडगावला उतरू. दोन बर्थ अजून वेटिंगवर आहेत, पण एका बर्थवर दोघं बसून गेलेलो आहोतच. मॅचची तिकिटं एकत्र काढायची आहेत, तेव्हा येणार असशील तर उद्या दुपारपर्यंत कळव. आणि तो मोठा निळा झेंडा तुझ्याकडेच राहिलाय. तू आला नाहीस तरी तो मंगळवारी संध्याकाळपर्यंत दादरला पोचव.

तुझा,
काका