वर्गात गाणी लावावीत का?

प्रश्न : राजारामपुरीतल्या शाळेत मी आठवीला शिकवते. वह्या पूर्ण करताना मुलं मागं लागतात, 'मॅडम, गाणी लावा की!' लावली तर चालेल का?

उत्तर : काम कोणतं चाललंय, त्यावर ठरवा. वाचताना, पाठ करताना मूल शब्द मनात उच्चारत असतं. त्याच वेळी गाण्याचे शब्द कानावर पडले की दोन्हींची सरमिसळ होते. ऐकायचं नाही असं ठरवून कान मिटता येत नाहीत. म्हणून धडा, निबंध, शाब्दिक उदाहरणं यांच्या वेळी काहीच लावू नका. नकाशा रंगवणं, जर्नलमधल्या आकृत्या, एलिमेंटरीच्या चित्रांचा सराव अशा हातकामाला मात्र जरूर लावा. काम कंटाळवाणं वाटत नाही आणि मुलं जागेवर बसतात.

बासरी, संतूर, सतार यांचं वादन घ्या, तेही आलाप आणि विलंबित या संथ भागांपर्यंतच. ‘झाला’ हा जलद लयीतला भाग आला की पेन्सिली थांबतात आणि बाकावर ताल धरला जातो. ओळखीच्या सिनेगीताची नुसती धूनही टाळा, मुलं तिच्यात शब्द भरतात.

रेकॉर्डिंग आधीच उतरवून ठेवा आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच जाहिरात किंवा फोन येतो. त्यानंतर ब्लूटूथ बंद झालं असेल तर पुन्हा सुरू करा. स्पीकर टेबलावर ठेवला तर पहिल्या बाकांना त्रास होतो. उंच कपाटावर ठेवा. शेवटच्या बाकावरून साध्या आवाजात विचारलेला प्रश्न फळ्यापाशी ऐकू यायला हवा, एवढाच आवाज. रस्त्यावरचे हॉर्न दाबण्यासाठी तो वाढवू नका. वीस मिनिटं पुरे, आणि सूचना देण्याआधी बंद. वर्गात श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर लावूच नका; यंत्र तुमच्या बोलण्यासोबत संगीतही मोठं करतं.

पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते, असं कुणी सांगेल. हा समज ज्यातून पसरला, तो १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. संगीत कामाच्या आधी ऐकवलं होतं आणि परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला.

प्रश्न : दहावीतली मुलगी इअरफोन लावूनच अभ्यास करते. कानाला धोका आहे का? (एक पालक, कागल)

उत्तर : आवाज आणि तास, दोन्ही बघा. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो; ७८ ला २० तासच. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावता येते, ती आजच लावा.