वर्गणी अडवून हिशेब मिळत नाही

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातल्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संस्थेचा मी जुना सभासद आहे. कार्यकारिणी हिशेब दाखवत नाही. प्रोसिडिंग बुक मागितलं तर 'अंतर्गत बाब आहे' असं उत्तर मिळतं. गेल्या ऑगस्टच्या वार्षिक सभेत वर्गणी दुप्पट केली आणि आचारसंहिता मोडणाऱ्याला दंड करण्याचा नियम केला. सभेची सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती. निषेध म्हणून मी दोन वर्षं वर्गणी भरलेली नाही. आता सचिवांचं पत्र आलं आहे : महिन्याभरात थकबाकी भरा, नाहीतर नाव कमी करू. माहिती अधिकारात कागद मागवता येतील का? ती सभा रद्द होईल का? माझ्या परवान्याचं काय?

उत्तर : डॉक्टर, करसल्लागार, आणि सांगायला संकोच वाटतो पण वकीलसुद्धा, हेच लिहून पाठवतात. फक्त व्यवसाय बदलतो. सभासदाला हिशेब दाखवायला हवेत की नाही यावर मी वेळ घालवत नाही, दाखवायलाच हवेत. तुमचं प्रकरण ज्या वाक्यावर ठरणार आहे ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : 'निषेध म्हणून मी दोन वर्षं वर्गणी भरलेली नाही.'

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चं कलम १५ काढून वाचा. सभासद कोण, हे त्यात सांगितलंय आणि शेवटी एक अट आहे. ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेली असेल, त्याला या कायद्याखालच्या कोणत्याही कामकाजात मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. तुम्ही घरभाडं थांबवून मालकाला धडा शिकवायला निघालेल्या भाडेकरूसारखं केलंत. तक्रार खरी असली तरी थकबाकीदार तुम्हीच ठरलात. आज पैसे भरले तरी ऑगस्टमधल्या त्या दिवसापुरतं मत परत मिळत नाही, कारण कलमातले शब्द 'त्या वेळी' असे आहेत.

तरी एक फरक लक्षात ठेवा. थकबाकीमुळे सभासदत्व आपोआप संपतं असं हे कलम म्हणत नाही. मत आणि मोजणी तेवढी थांबते. नाव कमी करायचं तर संस्थेच्या घटनेत तशी तरतूद लागते आणि ती जशी लिहिली आहे तशीच पाळावी लागते. म्हणून सचिवांचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवू नका. त्यातला महिना उलटण्याआधी सगळी थकबाकी बँकेतून ट्रान्सफर करा आणि पैसे 'हक्क व हरकत राखून' भरत आहोत असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवा. रोख देऊ नका. पावती मिळायला परत सहा महिने जातील. जुन्या दराने भरायचा मोह होईल, तोही टाळा. दुप्पट वर्गणीचा वाद हरलात तर उरलेला फरक पुन्हा थकबाकी म्हणून तुमच्याच गळ्यात येईल. वर्गणी नेमकी कोणत्या तारखेला देय होते हे घटनेत पाहा. तीन महिने तिथून मोजायचे. घटनेत तारीखच नसेल तर वाद घालायला जागा आहे, पण त्या जागेवर घर बांधू नका.

आता हेच कलम उलटं फिरवा. थकबाकीदार मोजायचा नाही ही अट तुमच्यासाठी आहे तशी ऑगस्टच्या सभेत हात वर केलेल्या प्रत्येकासाठी आहे. व्यावसायिकांच्या संस्थांत बहुतेक वर्गण्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात गोळा होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशीचं हजेरीपत्रक आणि वर्गणीचं रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं तर गणपूर्ती खरोखर झाली होती का, आणि ठराव मांडणाऱ्या पदाधिकाऱ्यांचीच वर्गणी भरलेली होती का, हे दिसेल. 'अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा, गणपूर्तीची अट नाही' हे कलम बहुतेक घटनांत असतं. त्यामुळे गणपूर्तीवरच सगळी भिस्त ठेवू नका. मतांची मोजणी मात्र तहकूब सभेतही बरोबर असावी लागते.

दंडाच्या नियमाकडे जास्त लक्ष द्या. याच कायद्याचं कलम ९ म्हणतं की पोटनियम करण्याची पद्धत घटनेत असेल तर त्या पद्धतीने, आणि नसेल तर त्याच कामासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत, हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो झालेला असावा. वार्षिक सभेच्या 'आयत्या वेळचे विषय' खाली हा ठराव उरकला असेल तर तो टिकणं मला कठीण वाटतं. वर्गणीवाढीबद्दल मी असं बोलणार नाही. ती तुमच्या घटनेवर अवलंबून आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनेचंही तेच. घटनेत 'लेखी सूचना' आणि ती देण्याची पद्धत काय लिहिली आहे ते वाचा. निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपवर आली म्हणून सूचना रद्द, असं समजू नका, विशेषतः तुम्ही त्याच ग्रुपवर अंगठा दाखवला असेल तर.

हे सगळं धर्मादाय कार्यालयात, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, मांडायला बिनथकबाकीचे दोन सभासद शोधा आणि अर्ज त्यांच्या नावाने करा. तुम्ही मागे बसा. तिथली चौकशी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली चालते. तिला कलम १५ ची 'या कायद्याखालचं कामकाज' ही अट लागत नाही असा युक्तिवाद करता येतो. करता येतो, पण समोरचे वकील पहिल्याच तारखेला तुमची थकबाकी काढणार आणि पुढच्या चार तारखा त्यावरच जाणार.

कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज संस्थेच्या सचिवांकडे करू नका, वाया जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलंय की नुसती नोंदणी आणि सरकारी देखरेख यामुळे संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' होत नाही. सरकारचा भरीव पैसा किंवा खरं नियंत्रण लागतं. तुमच्या संस्थेकडे ते नसावं. दुसऱ्या दाराने जा. लेटरहेडवर बहुधा दोन नोंदणी क्रमांक असतील, त्यातला 'एफ' ने सुरू होणारा विश्वस्त व्यवस्थेचा. तो असेल तर दरवर्षीचं लेखापरीक्षण बंधनकारक आहे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तिथे नक्कल अर्ज करून तीन गोष्टींच्या प्रमाणित प्रती मागा : लेखापरीक्षण अहवाल, नोंदवलेली घटना आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदवहीचा, उतारा. संस्था नोंदणी कायद्याचं कलम १९ तर निबंधकाकडे दाखल झालेले कागद कोणालाही पाहू देतं, सभासद असो वा नसो. मूळ कायद्यात त्याची फी एक रुपया आहे.

परिशिष्टाचा उतारा मी उगाच मागायला सांगत नाही. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. तुमच्या सध्याच्या पदाधिकाऱ्यांची नावं परिशिष्टावर चढलेली आहेत की दोन कार्यकारिण्यांपूर्वीचीच माणसं तिथे अजून बसली आहेत, हे पाहा. दुसरी शक्यता जास्त आहे, आणि त्यात दोष फक्त संस्थेचा नाही. हे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, कार्यकारिणीची मुदत संपते तरी तिच्या निवडीचा निकाल लागत नाही. अर्ज अजून प्रलंबित असेल तर तुमच्या त्या दोन सभासदांनी त्यात हितसंबंधी व्यक्ती म्हणून सामील होऊन हरकत घ्यावी. नवा दावा लावण्यापेक्षा हे स्वस्त आणि जलद. निकाल लागलेला असेल तर त्याच कायद्याच्या कलम ७० खाली अपिलाला ६० दिवस आहेत; आदेशाची तारीख पाहून मला पुन्हा लिहा.

परवान्याची काळजी सोडा. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली वास्तुकला परिषदेकडे असते, इंजिनिअरचा परवाना महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण देतं. जिल्ह्याची संस्था यातलं काहीही काढून घेऊ शकत नाही, तिचे पदाधिकारी चहाच्या टेबलावर काहीही म्हणोत.

सोमवारी आधी बँकेत जा. नकलेचा अर्ज मंगळवारी केला तरी चालेल.