'वूम' हा क्लोनिंगवरचा सिनेमा एवढा संथ का आहे? शेवटपर्यंत बघावा का?

हो, बघाच. फक्त जेवता जेवता मोबाईलवर नको.

तुम्ही लिहिलंय की सायन्स फिक्शन म्हणून लावला आणि अर्धा तास झाला तरी नुसता समुद्र, वारा आणि गप्प बसलेली माणसं, म्हणून बंद केला. मीपण पहिल्यांदा असाच बंद केला होता. दुसऱ्यांदा बघितला तो माझा दादा गेल्यावर, आणि तेव्हा एक मिनिटसुद्धा जास्तीचं वाटलं नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० चा सिनेमा, दिग्दर्शक हंगेरीचा बेनेडेक फ्लिगाउफ, शूटिंग जर्मनीत उत्तर समुद्राच्या काठावर. रेबेका (एव्हा ग्रीन) आणि टॉमी (मॅट स्मिथ) लहानपणीचे दोस्त, मोठेपणी परत भेटतात, जरा कुठं जमायला लागतं तोवर तो अपघातात जातो. मग ती त्याचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशीपासून तयार केलेला गर्भ, स्वतःच्या पोटात वाढवते, त्याला जन्म देते.

आता संथ का, तर माझं मत असं आहे. आपल्याला वाटतं क्लोन म्हणजे झेरॉक्स, मशिनमधून तयार माणूस बाहेर आला. तसं नसतं ना. डॉली ही क्लोन मेंढी सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीपासून केली, २७७ प्रयत्नांतून ती एकच जगली, पण ५ जुलै १९९६ ला जन्मली ती कोकरू म्हणूनच, दुसऱ्या एका मेंढीच्या पोटातून. म्हणजे रेबेकाला तिचा टॉमी परत पाहिजे तर नऊ महिने, मग दूध पाजणं, चालायला शिकवणं, शाळा, आणि तोवर ती स्वतः म्हातारपणाकडं सरकलेली. हे सगळं घाईत दाखवलं असतं तर त्यात दुःख राहिलंच नसतं. तिथं वाट बघण्याशिवाय दुसरं काही घडतच नाही.

दादाच्या दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर बसलो होतो, कावळा काही शिवेना. दोन तास झाले असतील. त्याच्या आवडीचं सगळं ठेवलं होतं, कोण काय कोण काय कबूल करत होतं, आणि मग एका टायमाला सगळे बोलायचेच थांबले, नुसतं पाण्याकडं बघत बसले. त्या सिनेमातली शांतता मला तसली वाटते.

दादा पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळायचा, शाहू स्टेडियमवर मॅच असली की आई देवापुढनं उठायची नाही. तो गेल्यावर दीड वर्षानं ताईला मुलगा झाला. चेहरा, कपाळ, रागावल्यावर खालचा ओठ बाहेर काढणं, सगळं दादा. गल्लीतले लोक घरी येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, परत आलाय बघा. आईनं दादाचे बूट तेल लावून जपून ठेवले होते ते त्याच्यासाठी. आता पोरगं नऊ वर्षांचं आहे आणि त्याला फुटबॉल आवडत नाही, दिवसभर चित्रं काढत बसतं. आई काही बोलत नाही त्याला, पण तो वही घेऊन बसला की तिचा चेहरा मला बघवत नाही. आणि पोराला ते कळतं हो, लहान असला तरी. सिनेमात टॉमी मोठा होताना त्याच्या डोळ्यांत जे येतं ते मी आमच्या सोप्यात बघितलंय.

आमचा तर भाचा, अर्धं रक्त जावयांचं. पण जीन्स, म्हणजे जनुकं, शंभर टक्के तीच असली तरी असंच होतं. २००१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, मूळ मांजर तिरंगी आणि क्लोनच्या अंगावर केशरी ठिपका एकपण नाही. मांजराचे केससुद्धा परत तसेच येत नाहीत तर माणूस कुठनं येणार!

लॅब, मशिनं, शास्त्रज्ञांची भाषणं जवळजवळ नाहीतच, ते शोधू नका. जिथं सोडलाय तिथनंच पुढं लावा, रात्री, हेडफोन घालून, कारण वाऱ्याच्या आणि लाटांच्या आवाजावर बरंच काही चाललेलं असतं. आणि घरच्यांबरोबर बसून नको, शेवटच्या भागात आई आणि प्रेयसी यातली रेघ पुसली जाते, मला ते बघायला फार जड गेलं.