किरकोळमध्ये नक्की कोण टाकतंय?

पत्र मोठं होतं, कामापुरतं ठेवलंय:

'ताई, घरात मी, बायको, नववीतला मुलगा आणि माझी आई. गेली 4 वर्षं मी घराच्या जमाखर्चाची एक्सेल शीट ठेवतोय. माझा पगार, बायकोच्या पार्टटाइम कामाचे पैसे, घराचा हप्ता, फी, औषधं, किराणा, सगळं. बायको फक्त तिने काय खर्च केला ते सांगते. किरकोळ हा कॉलम तिचा, कारण सटरफटर खर्च तिच्याच हातून होतात. हा कॉलम आधी एकूण खर्चाच्या 4 टक्के असायचा, आता 11 टक्क्यांवर गेलाय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी विचारलं की म्हणते आठवत नाही. आता तर चिडते, परवा आईसमोर रडली. माझ्या क्रेडिट कार्डावर मुलाचा लॅपटॉप घेतला त्याच्या पुढच्या महिन्यात तर किरकोळ दुप्पट झालं. तशी माझी शीट कायम टॅली असते, महिनाअखेर बँकेशी जुळली नाही तर राहिलेला फरक मी किरकोळमध्ये टाकून टोटल मारतो, कधी जास्त निघाले तर बचतीत दाखवतो. मला वाटतं पैसे तिच्या भावाकडे जातायत. तिच्याकडचं कार्ड काढून घेऊन आठवड्याला ठरावीक रक्कम द्यावी का? की असं एखादं अ‍ॅप सुचवाल ज्यात तिला काही लपवता येणार नाही? – एक हिशोबी नवरा'

अहो हिशोबी,

भाऊ, कार्ड, आईसमोरचं रडणं, सगळं नीट वाचलं, आणि मग ते एक वाक्य आलं जे तुम्ही लॅपटॉप आणि मेव्हणा यांच्या मधे अगदी सहज सरकवून दिलंय, वर त्याचं कौतुकही करून घेतलंय. फरक किरकोळमध्ये टाकून टोटल मारतो. मी ते परत वाचलं, म्हटलं माझं काही चुकत असेल. नाही चुकत. म्हणजे जो पैसा कुठे गेला हे तुम्हाला, शीट ठेवणाऱ्या माणसाला, माहीत नाही तो तुम्ही स्वतःच्या हाताने बायकोच्या कॉलममध्ये टाइप करता, आणि मग शेवटच्या रविवारी तिला समोर बसवून विचारता की हा आकडा एवढा कसा वाढला.

तिला कसं आठवेल हो? तिने केलाच नाहीये तो खर्च. निदान त्यातला किती तिने केला आणि किती तुम्ही टाकला हे आज तुम्हालाही शोधल्याशिवाय सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच रकान्यात मिसळून ठेवलंयत. ते 11 टक्के हा तिचा खर्च नाहीच, तिचा खर्च अधिक तुमचं अज्ञान असा तो आकडा आहे. आणि त्या आकड्यावरून तुम्ही थेट तिच्या भावापर्यंत पोचलात, पत्रात दुसरा एकही पुरावा नाही, ना कुठे पाठवलेले पैसे दिसले, ना कोणी काही बोललं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोर कोणीच नाही, नुसती बेरीज आहे.

आता लॅपटॉपचं घ्या, कारण त्यात सगळं उघडं पडलंय. लॅपटॉप तुम्ही कार्डावर घेतलात आणि त्याच महिन्यात शीटमध्ये लिहिलात, बरोबर? पण बँकेतून त्या महिन्यात काहीच गेलं नाही कारण बिल पुढच्या महिन्यात भरायचं होतं. मग महिनाअखेर शीटनुसार असायला हवेत त्यापेक्षा बँकेत पैसे जास्त दिसले, नेमके लॅपटॉपएवढे. ते तुम्ही काय केलेत, तर बचतीत दाखवलेत. पुढच्या महिन्यात बिल भरलं, बँकेतून तेवढी रक्कम गेली, पण शीटमध्ये त्या महिन्यात लॅपटॉपची नोंद नाही कारण ती आधीच झाली होती, म्हणून आता पैसे कमी पडले, नेमके लॅपटॉपएवढेच. ते गेले किरकोळमध्ये. एकच वस्तू, तुमच्याच कार्डावरची, तुमच्याच मुलाची, एकदा खर्च म्हणून लागली आणि पुढच्या महिन्यात परत एकदा बायकोच्या नावावर लागली. आणि मधल्या त्या महिन्यात जी बचत झाली म्हणून तुम्ही खूश झाला असाल ती बचत नव्हतीच, ते बँकेचं देणं होतं. विश्वास बसत नसेल तर कार्डाचं स्टेटमेंट काढा, शीट शेजारी उघडा आणि दोन्ही महिने लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, जे तुम्ही तिला विचारायच्या आधी करायला हवं होतं.

आणि हे दोन कप्पे कसे वाटले गेलेत ते बघा, मला तर खरा राग त्याचाच आलाय. जास्त निघाले तर बचत. कमी पडले तर किरकोळ. बचत कुणाची? शीट तुमची, शिस्त तुमची असं तुम्हीच लिहिलंय (ते वाक्य मी वर कापलंय, तीनदा होतं), तेव्हा बचत तुमच्या शिस्तीची. किरकोळ कुणाचं? तिचं. म्हणजे चूक ज्या बाजूने पडेल त्या बाजूने फायदा तुम्हाला आणि ठपका तिला, दर महिन्याला, 4 वर्षं. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाहीये, उलट मुद्दाम केलं असतंत तर पत्रात लिहिलं नसतंत. पण ती रडली तेव्हा तिला हे सगळं एका वाक्यात सांगता येत नसणार, एवढंच कळत असणार की मी एवढा खर्च केलेला नाही आणि कागद म्हणतोय केलाय.

हिशोब लिहिणाऱ्या लोकांना हा प्रश्न फार जुना आहे. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने दुहेरी नोंदीची पद्धत छापून काढली, शोध त्याचा नव्हे, तिथले व्यापारी आधीपासून तसंच लिहायचे, त्याने ते नीट मांडलं. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहायची, एकदा नावे, एकदा जमा. एवढा खटाटोप कशासाठी, तर कुठे चुकलं तर दोन बाजू जुळू नयेत आणि चूक डोळ्यावर यावी म्हणून. आजही तेरीज, म्हणजे नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज, जुळली नाही तर अकाउंटंट फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवतो आणि चूक सापडली की ते खातं बंद करतो. समोर दिसेल त्याच्या खात्यावर नाही ढकलत. असं ऑफिसात केलंत तर तुमचं काय होईल हे तुम्हीच ठरवा.

त्या रविवारच्या चौकशीबद्दलही एक सांगते. घरखर्चाच्या सरकारी पाहण्या होतात ना, त्यात घरोघरी जाऊन विचारणारे लोकसुद्धा भाजी-फळांचं फक्त मागच्या 7 दिवसांचं विचारतात. कपडे, चपला यांचं 365 दिवसांचं विचारतात कारण ते क्वचित घेतलं जातं आणि लक्षात राहतं. रोजचं बारीकसारीक महिन्याभराने कुणालाच नीट सांगता येत नाही, हे त्या लोकांना माहीत आहे. तुमच्या घरात मात्र आठवत नाही याचा अर्थ लपवतेय. मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः एटीएममधून किती वेळा काढलेत आणि ते कशावर गेले, सांगा बरं आत्ता, शीट न बघता. पत्रात तुमच्या खिशातल्या खर्चाचा एकही कॉलम नाही हेही मी बघितलंय, पण जाऊ दे, आज एकच गोष्ट.

ती एक गोष्ट ही. आज रात्री शीटची कॉपी करा, मूळ फाइल तशीच राहू दे. कॉपीत एक नवीन ओळ घाला, नाव द्या 'हिशोब लागत नाही', आणि ती कुणाच्याही नावावर ठेवू नका. मग किरकोळच्या रकान्यातून तुम्ही महिनाअखेर टाकलेल्या रकमा एकेक करून उचला आणि त्या ओळीत न्या. त्या ओळखायला सोप्या आहेत, शेवटच्या तारखेला टाकलेल्या, बाकी सगळे आकडे गोल आणि हेच तेवढे वेडेवाकडे. बचतीत टाकलेल्याही तिथेच आणा, वजा चिन्ह लावून. मागची सगळी 4 वर्षं नाही झाली तरी एक वर्ष तरी कराच. मग जे किरकोळ उरेल ते तुमच्या बायकोचं खरं किरकोळ, ते किती टक्के येतं ते बघा. आणि त्या नवीन ओळीत जे साठेल ते शोधायचं काम शीट ठेवणाऱ्याचं, म्हणजे तुमचं. कार्डाची बिलं, वर्षाचा विमा, आपोआप रिन्यू होणारी ती सबस्क्रिप्शनं जी कुणी बघत नाही, बँकेचे चार्जेस, महिनाअखेरीला दिलेले आणि पुढच्या महिन्यात वटलेले पैसे. बरंचसं तिथेच सापडेल.

सापडो न सापडो, ती शीट उद्या तिला दाखवायची. आई शेजारी बसलेली असताना दाखवायची, कारण ती रडली आईसमोर. आणि सांगायचं की हे आकडे मी टाकत होतो, तुला विचारत होतो ते चुकीचं होतं. लांबण लावू नका, आणि 'पण तूही जरा लिहून ठेवत जा' हे शेपूट तर अजिबात जोडू नका, मला माहीत आहे ते तुमच्या ओठावर आहे.

भावाचा विषय काढायचाच नाही. तिला दर महिन्याला एवढा हिशोब मागितलात, आता भावाचंही नाव घेतलंत तर ते शीटमधून खोडता येणार नाही.

कार्ड काढून घ्यायचा विचार डोक्यातून काढा. आठवड्याची ठरावीक रक्कम म्हणताय, ती तरी कशावरून ठरवणार होतात, त्या 11 टक्क्यांवरून? आणि लपवता येणार नाही असं अ‍ॅप मागितलंत. कुठलंही घ्या, फरक दिसला की तो किरकोळमध्ये टाकायची सोय सगळ्यांत असते. 1904 मध्ये जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी घरखर्चाची वही काढली, साधी कागदी, घर चालवणाऱ्या बायकांनी स्वतःच्या हाताने भरायची. तसलं काही तुमच्या घरात सुरू करायचं असेल तर ते तिला ठरवू दे, आधी शीट दुरुस्त करा. नवीन ओळीत काय काय निघालं ते मला कळवा, लॅपटॉप धरून.